कोथिंबीर : वरून पेरायची की पोटभर खायची?



कवी रेडिओवर आला की तो कवितेवरच बोलणार, असा एक समज आहे. आज मी कोथिंबिरीवर बोलणार आहे. हसू नका. रोज दोन्ही वेळेला आपल्या ताटात येणारी आणि तरीही जिच्याकडे कुणी धड बघत नाही, अशी ही वस्तू आहे. पोह्यांवर कोथिंबीर, आमटीवर कोथिंबीर. मिसळीवर, बिर्याणीवर, खिम्यावर कोथिंबीर. कुठलीही पाककृती वाचा, शेवटचं वाक्य ठरलेलं : ‘वरून कोथिंबीर पेरावी.’ या ‘वरून’ शब्दाबद्दलच मला आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आधी नावाचं पाहू. शब्दांशी माझा रोजचा संबंध, म्हणून एवढी सवलत घेतो. आपण कोथिंबीर म्हणतो, विदर्भात तिला सांबार म्हणतात. पुण्यामुंबईचा पाहुणा नागपुरात ‘सांबार आणलाय’ असं ऐकतो आणि इडलीची वाट बघत बसतो. आमच्या घरात दखनी बोलली जाते, तिथं ती कोथमीर. गुजरातीतही कोथमीरच. उर्दूत हरा धनिया, फारसीत गिश्नीज, अरबीत कुज्बरा. संस्कृतात तिचं एक नाव कुस्तुंबुरु. हा शब्द थेट पाणिनीच्या सूत्रात आलेला आहे. त्याच घराण्यातली कन्नडची कोत्तंबरी, तेलुगूची कोत्तिमीर आणि आपली कोथिंबीर. म्हणजे मराठी घरातली कोथिंबीर आणि आमच्या घरातली कोथमीर या एकाच आजीच्या नाती.

ही आजीही फार हिंडलेली. इजिप्तच्या तुतनखामेन राजाची कबर १९२२ मध्ये सापडली. सोन्यानाण्याबरोबर राजाच्या सामानात धणेही होते. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी राजाला परलोकाच्या प्रवासासाठी द्यावी अशी ही वस्तू, आणि आज आपण भाजीवाल्याला काय म्हणतो? ‘थोडी कोथिंबीर टाका हो वरून!’ पुन्हा तेच ‘वरून’. ताटातही वरून आणि पिशवीतही वरून.

२०२४ साली एक गंमत झाली. मुंबईतल्या एका तरुणानं समाजमाध्यमावर लिहिलं, की घरपोच भाजी देणाऱ्या कंपनीनं कोथिंबिरीचे पैसे लावलेले पाहून आईला धक्काच बसला. त्या कंपनीनं ते मनावर घेतलं आणि ठरावीक भाजीच्या खरेदीवर कोथिंबीर फुकट द्यायला सुरुवात केली. सगळ्यांना आनंद झाला. त्या माउलीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पिढ्यान् पिढ्या कोथिंबीर वरच मिळत आली आहे. पण फुकट मिळालेल्या वस्तूचं पुढं काय होतं, ते आपल्या फ्रिजमध्ये बघा. खालच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत काळपट, चिकट झालेली अर्धी जुडी सापडेल. ज्याचे पैसे मोजले नाहीत त्याची काळजी कोण घेतो?

आता तिच्यात आहे काय, ते पाहू. कोथिंबीर ही पालेभाजी आहे. ‘भाजी’ हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. सगळ्या पालेभाज्यांप्रमाणे तिच्यात पाणी भरपूर, उष्मांक अगदी कमी. ज्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करतं ते बीटा कॅरोटिन तिच्यात आहे. जखमेचं रक्त गोठायला लागणारं ‘के’ जीवनसत्त्व तर खूपच आहे. शंभर ग्रॅम पानांत ‘क’ जीवनसत्त्व पंचवीस मिलिग्रॅमच्या आसपास असतं. शिवाय कॅल्शियम, पोटॅशियम, फोलेट आणि लोह.

या शेवटच्या शब्दापाशी जरा थांबू या. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांचं रक्त तपासलं गेलं. देशातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला. आपल्या महाराष्ट्रात ५४ टक्के. म्हणजे आत्ता हा कार्यक्रम ऐकत दोन बायका स्वयंपाक करत असतील, तर त्यातल्या एकीच्या रक्तात पुरेसं हिमोग्लोबिन नाही. आपल्याकडच्या पोषणतज्ज्ञांनी २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह हवं, तर बाईला २९. गरज बाईची जास्त. आणि घरात सगळ्यात शेवटी, उरलंसुरलं कोण खातं, हे मी सांगायला नको. यात हिंदू घर आणि मुसलमान घर असा काही फरक नाही. इथं आपण सगळे अगदी एक आहोत.

मग कोथिंबीर खाल्ली की रक्त वाढेल का? असं मी म्हणणार नाही, आणि कुणी म्हटलं तर विश्वासही ठेवू नका. रक्तक्षयाला डॉक्टर आहेत, लोहाच्या गोळ्या आहेत. त्या घ्यायलाच हव्यात. शिवाय पालेभाज्यांमधलं आणि धान्यांमधलं लोह शरीर सहजासहजी उचलत नाही. त्याला हात धरून आत न्यावं लागतं, आणि ते काम ‘क’ जीवनसत्त्व करतं. वरणभातावर लिंबू पिळायची आपली पद्धत म्हणूनच शहाणपणाची. कच्च्या कोथिंबिरीच्या चटणीत लिंबू पिळलं की दोन्हीकडून ‘क’ जीवनसत्त्व मिळतं आणि भाकरीतलं, डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते. उलट जेवणावर लगेच चहा घेतला तर चहातली द्रव्यं त्या लोहाला अडवतात. आमच्याकडं जेवण झाल्याबरोबर चहा लागणारे पुष्कळ आहेत. त्यांनी चहा तासाभरानं घ्यावा, एवढंच म्हणतो.

पण हे सगळे गुण चिमूटभर पेरलेल्या पानांतून मिळत नाहीत, ही खरी गोम आहे. आमटीवर आपण टाकतो ती कोथिंबीर माणशी दोन-तीन ग्रॅम भरली तर भरली. त्यानं वास येतो, रंग येतो, जेवणाची इच्छा होते. तेही थोडं नाही. पण पोषण म्हणाल तर नाममात्र. रोज सुमारे शंभर ग्रॅम पालेभाजी खावी असं आहारशास्त्र सांगतं. त्यात कोथिंबिरीचा वाटा हवा असेल तर ती मुठीनं खायला हवी.

एक सावधगिरीची सूचना. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिनसारखी गोळी सुरू असलेल्यांनी पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवू नये. ‘के’ जीवनसत्त्वामुळं गोळीचा परिणाम बदलतो. आधी डॉक्टरांना विचारावं.

आता देठांकडं वळतो. कोथिंबीर निवडताना आपण पानं खुडतो, देठ आणि मुळं केरात टाकतो. जुडी हातात तोलून बघा, निम्म्याच्या आसपास वजन देठांचंच असतं. कोथिंबिरीची एक नातेवाईक आहे, सेलरी. मोठ्या शहरांतल्या भाजीच्या दुकानांत मिळते, चायनीज हॉटेलातल्या सुपात असते. जिरे, बडीशेप, ओवा, शेपू, गाजर, हिंग हे सगळं एकाच कुळातलं गोत. छत्रीसारखा फुलोरा ही या कुळाची खूण. सेलरीचं आपण काय खातो? देठ! त्या जाडजूड देठांसाठी चांगले पैसे मोजतो, ‘पचायला हलकं, चोथा भरपूर’ म्हणून कौतुकानं चावतो. आणि तिच्याच बहिणीचे, पानांपेक्षाही जास्त स्वाद असलेले कोवळे देठ केरात जातात. घर की मुर्गी दाल बराबर, दुसरं काय.

आमच्या अम्माच्या स्वयंपाकघरात देठ कधी टाकलेले मी पाहिले नाहीत. ती जुडीचे तीन भाग करी. मुळं घासूनपुसून धुवायची आणि यखनीच्या पाण्यात सोडायची. देठ आलं, लसूण, हिरवी मिरची यांच्याबरोबर पाट्यावर वाटायचे. तो आमचा हरा मसाला. पानं शेवटी. यामागं शास्त्रही आहे. पानांचा वास उडून जाणारा असतो, उकळीत तो टिकत नाही. म्हणून पानं गॅस बंद करताना घालावीत. देठांचा स्वाद चिवट असतो, तो फोडणीलाही पुरून उरतो. म्हणून देठ बारीक चिरून कांद्याबरोबरच तेलात टाकावेत. मुळांचा वास मातकट आणि खोल. थायलंडमध्ये कोथिंबिरीचं मूळ, लसूण आणि मिरी एकत्र कुटून मसाल्याचा पायाच घालतात. आपल्याकडं मुळासकट जुडी मिळते आणि आपण तेच आधी तोडून टाकतो.

आता साठवण. या बाबतीत घरोघर प्रयोग चालतात, त्यातलं जे खरंच उपयोगी पडतं तेवढं सांगतो. पहिली गोष्ट, आणल्याबरोबर जुडी सोडा. रबर किंवा सुतळी काढा. मधली दबलेली, पिवळी, कुजकी पानं वेगळी करा. एक कुजलेलं पान शेजाऱ्यांना घेऊन बुडतं. दुसरी गोष्ट, ठेवण्याआधी धुऊ नका. ओली पानं बंद पिशवीत ठेवली की ती सडणारच. धुवायची ती वापरायच्या वेळी. त्यातही नळाखाली धरून भागत नाही. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन जुडी त्यात हलवायची, माती तळाशी बसू द्यायची आणि कोथिंबीर वरच्यावर उचलून घ्यायची. पाणी ओतून काढलंत तर ती माती परत पानांवर बसते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत दोन-तीनदा हे करावं.

दोन-चार दिवसांसाठी सोपा उपाय म्हणजे पेला. पेल्यात दोन बोटं पाणी घ्या, मुळं त्यात बुडतील अशी जुडी फुलांसारखी उभी करा, वरून सैल पिशवी घाला आणि फ्रिजमध्ये ठेवा. पाणी दिवसाआड बदला. जास्त दिवसांसाठी कोरडी कोथिंबीर सुती फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा. फडकं दमट झालं की बदला. फडकं म्हणतोय, वर्तमानपत्र नव्हे. छापील कागदात अन्न बांधू नये, त्याची शाई पोटात जाते, असा इशारा देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१६ मध्येच दिला आहे. उद्या माझं हे भाषण कुठं छापून आलंच, तर वाचा जरूर. त्यात कोथिंबीर मात्र बांधू नका. आणि डबा केळी, सफरचंद, टोमॅटो यांच्याजवळ ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो, त्यानं पानं लवकर पिवळी पडतात.

ज्यांच्याकडं फ्रिज नाही त्यांनी मुळं पाण्यात ठेवून वर ओलसर फडकं घालावं आणि माठाशेजारी, सावलीत ठेवावं. दीड-दोन दिवस सहज निघतात. जुडी फारच मोठी असेल तर मिरची, मीठ आणि चमचाभर तेल घालून वाटून ठेवावी. बर्फाच्या साच्यात ते वाटण गोठवलं की दोन-तीन महिने आमटीला, रश्शाला एकेक वडी काढता येते. चटणी हिरवीगार हवी असेल तर वाटताना थंड पाणी घाला आणि लिंबू अगदी वाढायच्या वेळी पिळा. आंबट फार वेळ मुरलं की हिरवा रंग शेवाळी होतो. वाळवून ठेवायच्या भानगडीत मात्र पडू नका. वाळलेल्या कोथिंबिरीत रंग थोडा राहतो, वास जवळजवळ जातोच.

मग मुठीनं खायची कशी? याचं उत्तर आपल्या मातीत तयार आहे. कोथिंबीर वडी! अख्खी जुडी चिरायची, त्यात बसेल तेवढंच बेसन, तीळ, मिरची-लसूण, हळद; उंडे करून वाफवायचे आणि काप करून थोड्या तेलावर परतायचे. त्या तेलानं बीटा कॅरोटिन अंगी लागायलाही मदत होते. वडीत बेसन जास्त आणि कोथिंबीर नावाला असेल तर ती बेसनाची वडी झाली, हे लक्षात ठेवा. विदर्भातली सांबारवडी ही तिची थोरली बहीण. पातळ पारीत कोथिंबीर, खोबरं, खसखस यांचं सारण ठासून भरलेलं. गोव्यात कोंबडीला कोथिंबिरीचं हिरवं वाटण चोळून काफ्रियाल करतात. आमच्याकडं खिम्याच्या कोफ्त्यांत देठांसकट कोथिंबीर जाते, आणि रमजानमध्ये इफ्तारला उकडलेल्या चण्यांत कांदा, लिंबू आणि मूठभर कोथमीर. दिवसभराच्या उपवासानंतर त्या वासानं जी तरतरी येते, ती दुसऱ्या कशानं येत नाही. थालीपिठात, धिरड्यात, मुगाच्या घावनात वाटीभर कोथिंबीर सहज मावते. मुलांना पालक नको असतो, पण हिरवी पुरी चालते. तिच्यात काय आहे हे त्यांना सांगू नका म्हणजे झालं.

आता एखाद्याला कोथिंबीर मुळीच आवडत नाही, साबणासारखी लागते. त्याला नावं ठेवू नका. तो खोटं बोलत नाही. कोथिंबिरीच्या वासात आल्डिहाइड नावाची द्रव्यं असतात आणि तशीच साबणात, काही ढेकणांच्या वासातही असतात. हा वास कुणाला कसा जाणवतो, याचा संबंध वास ओळखणाऱ्या एका जनुकाशी आहे, असं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आलं. तेव्हा अशा माणसाला आग्रह नको. वाटून, शिजवून घातलेली कदाचित चालेल.

शेवटी, ही जुडी येते कुठून? आमचा जिल्हा नाशिक. इथल्या बाजार समितीतला पालेभाज्यांचा लिलाव तुम्ही एकदा बघायला हवा. गावठी आणि चायना अशा दोन जातींच्या जुड्यांचे हिरवे ढीग, आणि भाव शेकड्यावर. धणे पेरल्यापासून साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत कोथिंबीर काढायला येते. एवढ्या कमी दिवसांचं पीक म्हणून शेतकरी आशेनं पेरतो. भाव वाढला की सगळेच पेरतात, आणि दीड महिन्यानं सगळ्यांचीच एकदम बाजारात येते. मग काढणीची मजुरी आणि गाडीभाडंही सुटत नाही. उभ्या पिकात जनावरं सोडतात, ट्रॅक्टर फिरवतात. उलट पावसानं झोडपलं, शेतं सडली, की ज्याची वाचली त्याची जुडी सोन्याची होते. तेव्हा आपण ‘कोथिंबीर महागली’ म्हणून ओरडतो. मातीमोल झाली तेव्हा मात्र आपल्याला पत्ताही नसतो, कारण आपल्याला ती तेव्हाही फुकटच मिळत असते. ती फुकट कुणाच्या खिशातून येते, एवढा प्रश्न मनात आला तरी पुष्कळ झालं.

आणि हेही सांगतो, थोडीशी घरी लावून बघा. आपण ज्याला एक धणा म्हणतो त्यात दोन बिया असतात. म्हणून पेरण्याआधी धणे हलकेच रगडून दोन फाकी करायच्या, रात्रभर भिजवायच्या. पसरट कुंडी, भुसभुशीत माती, सकाळचं ऊन. आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसतात. कडक उन्हाळ्यात मात्र ती लवकर फुलावर येते. आली तर येऊ द्या. त्या नाजूक फुलांवर मधमाश्या येतात आणि पुढं धणेही मिळतात. दीड महिना रोज पाणी घालून ओंजळभर कोथिंबीर हाती आली, की तिची किंमत कुणी वेगळी सांगावी लागत नाही.

तर श्रोतेहो, या आठवड्यात एवढं करा. एक जुडी पैसे देऊन घ्या, देठांसकट चिरा आणि वड्या करा. आणि गरम वड्यांची पहिली बशी, जी वड्या तळते आहे तिला द्या. ती नको म्हणेल, ‘तुम्ही खा, मी मागून खाते’ म्हणेल. ऐकू नका. तिच्यासमोर बशी ठेवा आणि तव्यापाशी तुम्ही उभे राहा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)